कळ दाबली, अक्षर उमटले नाही

संगणकावर इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी लिहिणाऱ्याच्या डाव्या हाताचे मधले बोट ज्या कळीवर विसावते, तिच्यावर रोमन ‘डी’ छापलेला असला तरी देवनागरीत तिच्याकडे हलन्ताचे, म्हणजे व्यंजनाचा पाय मोडण्याचे, काम सोपविलेले आहे. आणि ही एकच कळ अधूनमधून दबूनही मुकी राहू लागली, तर ‘विद्यार्थी’चा ‘विदयारथी’ होतो, ‘प्रत्यय’ हा ‘परतयय’ होऊन बसतो, आणि ज्याला त्या कळीच्या प्रकृतीची काहीच खबर नाही असा वाचक लिहिणाऱ्याच्या शुद्धलेखनाविषयी आपले मत कायम करून मोकळा होतो. शिफ्टची कळ बिघडली तर अनर्थ याहून मोठा. कारण ‘ख’, ‘थ’, ‘ध’, ‘भ’ ही महाप्राण व्यंजने, ‘श’ आणि ‘ण’, ‘अ’पासून ‘औ’पर्यंतचे स्वतंत्र स्वर आणि मराठीचा जीव की प्राण असलेला ‘ळ’, इतकी सगळी अक्षरे तिच्या अंमलाखाली येतात, आणि ती न दबल्यास ‘शाळा’ या साध्या शब्दाच्या जागी ‘साला’ उमटतो. उलटपक्षी कान्याची कळ एका दाबाला दोनदा उमटू लागली, तर दुसरा काना कोणत्याही अक्षराचा आधार न मिळाल्यामुळे ठिपक्यांच्या वर्तुळाशेजारी अधांतरी राहतो. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ही मांडणी प्रमाण म्हणून ठरविली, आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकातही तिला स्थान मिळाले; स्वर डावीकडे व व्यंजने उजवीकडे अशी तिची शास्त्रशुद्ध रचना आहे. परंतु मांडणी कितीही शास्त्रशुद्ध असली, तरी ती अखेर राबते ती प्लास्टिकच्या, रबराच्या आणि शाईच्या रेषांच्या भरवशावर.

हा भरवसा डळमळीत झाला की त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. शासकीय संगणक टंकलेखन परीक्षेत मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांची गती गाठू पाहणाऱ्या उमेदवाराला एक बेभरवशाची कळ पुरेशी घातक ठरते. छापखान्यासाठी मजकूर जुळविणाऱ्याचे, तहसील कचेरीत दाखले तयार करणाऱ्याचे आणि घरबसल्या हिशेब लिहिणाऱ्याचे कामही तिच्यापायी दुप्पट होते. अशा वेळी सर्वसाधारण माणूस एक तर बोटाचा जोर वाढवितो, नाही तर तो कळफलक टाकून देऊन नवा आणतो. जोराने बिघाड वाढतो. आणि टाकून देण्याने पुष्कळदा असा कळफलक भंगारात जातो, की ज्याचा दोष साखरेच्या एका वाळलेल्या थेंबाहून अधिक नव्हता. माझे स्पष्ट मत असे आहे की, या दुरुस्तीत हस्तकौशल्याचे स्थान दुय्यम असून निदानाचे स्थान पहिले आहे: कळ नेमके काय करते आणि काय करीत नाही, याची कैफियत पुरती ऐकून घेतली, तर दोष कोठे दडला आहे हे एकही स्क्रू न सोडविता बहुतेक वेळा समजून येते, आणि ते समजल्यावर निम्म्याहून अधिक इलाज कोणाही सावध माणसाच्या आवाक्यातले असतात.

टंकलेखनयंत्राच्या काळी हा प्रश्न इतका गूढ नव्हता. क्रिस्टोफर शोल्स याने आपल्या सहकाऱ्यांसह १८६८ साली ज्याचे पेटंट घेतले आणि रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली जे बाजारात आणले ते यंत्र असो, किंवा गोदरेज कंपनीने १९५५ साली तयार केलेले पहिले भारतीय टंकलेखनयंत्र असो, झाकण दूर केले की कळीपासून अक्षरापर्यंतचा सारा मार्ग डोळ्यांसमोर उघडा पडत असे: कळ दाबली की तरफ हलावी, तरफेने अक्षराचा दांडा उचलावा आणि दांड्याने फितीवर आघात करावा, या साखळीतला कोणता दुवा अडला आहे हे पाहूनच सांगता येई, दोन दांडे एकमेकांत गुंतले तर बोटाने सोडविता येत, आणि जुने तेल घट्ट होऊन दांडे जड झाले तर कारागीर रॉकेलात बुडविलेला ब्रश फिरवून ते मोकळे करी. संगणकाच्या कळफलकात कळीचा आणि अक्षराचा हा प्रत्यक्ष शारीरिक संबंध उरलेला नाही. कळ केवळ एक वर्दी देते, आणि अक्षर कोणते काढायचे याचा निर्णय दुसरीकडे होतो. म्हणूनच जुन्या यंत्राचे उपचार येथे अंगलट येतात. रॉकेल, शिवणयंत्राचे तेल, खोबरेल किंवा गंज सोडविण्याचा फवारा कळीच्या फटीत सोडणारी हौशी मंडळी आजही भेटतात; त्यातून कळ चार दिवस हलकी लागते, पुढे त्याच तेलावर धूळ बसून त्याचा चिकट राप तयार होतो, आणि काही द्रावके तर प्लास्टिकलाच ठिसूळ करून सोडतात.

घरोघरी आणि कचेऱ्यांतून सर्वाधिक आढळणारा साधा कळफलक उघडून पाहिला, तर त्यात पॉलिएस्टरचे तीन पातळ पापुद्रे एकावर एक ठेवलेले दिसतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांवर चांदीचे कण मिसळलेल्या वाहक शाईने रेषा छापलेल्या असतात, आणि मधल्या पापुद्र्याला प्रत्येक कळीच्या जागी एक छिद्र असते. या तिन्हींवर रबराच्या लहान लहान घुमट्या बसविलेल्या असतात. कळ दाबली की घुमटी खचते, तिच्या दाबाने वरचा पापुद्रा छिद्रातून खालच्या पापुद्र्याला टेकतो, विजेचे मंडल पूर्ण होते आणि वर्दी जाते. बोट उचलले की घुमटी पूर्ववत फुगून कळीला वर ढकलते. तात्पर्य, कळीचे दबून वर येणे आणि कळीचे अक्षर उमटणे या दोन सर्वस्वी भिन्न घटना आहेत. पहिली घटना रबर, दांडी आणि दांडीची खोबण यांच्या स्वाधीन असते. दुसरी शाईच्या रेषांच्या. कळ वर यायला आळस करते पण अक्षर बिनचूक उमटते, अशी तक्रार असेल तर पापुद्र्यांना हात लावण्याचे कारण नाही. आणि कळ उत्तम वर-खाली होते पण अक्षर उमटत नाही, अशी तक्रार असेल तर ती कितीही पुसली तरी व्यर्थ आहे.

यापुढची गोष्ट सामान्य वापरणाऱ्याला बहुधा कोणी सांगत नाही, आणि निदानाच्या कामी तिच्याइतके उपयुक्त दुसरे काही नाही. १०४ कळींसाठी १०४ स्वतंत्र तारा ओढलेल्या नसतात. उदाहरणार्थ, ८ आडव्या आणि १६ उभ्या वाहिन्यांचे जाळे केले की केवळ २४ वाहिन्यांत १२८ छेदबिंदू मिळतात, आणि प्रत्येक कळ अशा एका छेदबिंदूवर बसविता येते. कळफलकातील लहानसा नियंत्रक या वाहिन्यांपैकी एकेकीत क्रमाने संकेत सोडून, कोठे जोड झाला आहे याची सेकंदाला शेकडो वेळा झडती घेत असतो. आता या जाळ्यातील एखादी वाहिनी तुटली, तर तिच्यावरच्या सगळ्याच कळी एकदम निकामी होणार हे उघड आहे. मौज अशी की, या कळी फलकावर शेजारी शेजारी असतीलच असे नाही. विजेची उभी-आडवी मांडणी आणि अक्षरांची मांडणी यांचा मेळ असावा असा काही नियम नाही. म्हणून एकमेकींशी काहीही नाते न दिसणाऱ्या पाच-सात कळी एकाच दिवशी बंद पडल्या, तर पाच-सात बिघाड शोधीत बसू नये. बिघाड एकच असतो, आणि तो बहुधा एखाद्या तुटलेल्या रेषेत, किंवा पापुद्र्यांचे टोक नियंत्रकाला जिथे टेकते त्या जोडात, अथवा लॅपटॉप असेल तर ज्याला कारागीर ‘पट्टी’ म्हणतात त्या चपट्या जोडतारेच्या ढिलेपणात सापडतो. याउलट एक कळ दाबली असता दोन भिन्न अक्षरे उमटू लागली, तर दोन वाहिन्या ओलाव्याने किंवा क्षारांनी नको तेथे जोडल्या गेल्या आहेत, असा संशय घ्यावा.

यासाठी तपास कसा करावा? नोटपॅडसारखी अगदी साधी खिडकी उघडावी, भाषा इंग्रजी ठेवावी, आणि प्रत्येक कळ प्रथम सावकाश, मग भरभर, मग कडेने दाबून काय उमटते ते पाहावे. ज्या कळी चुकतात त्यांची कागदावर नोंद करावी. केवळ मधोमध दाबल्यावर उमटणारी आणि कडेने दाबल्यावर अडणारी कळ दांडीच्या किंवा आधाराच्या दोषाची असते. त्यानंतर दुसरा एखादा यूएसबी कळफलक त्याच संगणकाला जोडून पाहावा: तोही तसाच वागला तर पहिला निर्दोष ठरला. संगणक सुरू होताना विंडोज येण्यापूर्वी जो बायोसचा पडदा उघडता येतो, तेथे बाणांच्या व इतर कळी दाबून पाहणे हाही एक चांगला दाखला आहे. तेथे जी कळ चालते आणि विंडोजमध्ये चालत नाही, तिच्यावर पेचकस उगारणे हा अन्याय होय.

असा अन्याय किती होत असेल याची कल्पना येण्यासाठी विंडोजमधील ‘फिल्टर कीज’ या सोयीचे उदाहरण पुरे आहे. ज्यांचे हात कापतात, ज्यांच्याकडून कळ चुकून दाबली जाते, अशांसाठी ही सोय मोठ्या सद्बुद्धीने केलेली आहे; ती चालू असता क्षणिक दाब हिशेबात धरला जात नाही, कळ काही काळ दाबून ठेवली तरच अक्षर उमटते. ही सोय उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून धरली असता जागी होते, आणि विचार करीत बसलेल्या माणसाचा हात त्या कळीवर तेवढा वेळ सहज विसावतो. पुढे आलेल्या सूचनेला न वाचता होकार दिला की सारा कळफलक मेल्यासारखा वाटू लागतो. शिफ्ट लागोपाठ ५ वेळा दाबल्याने जागी होणारी ‘स्टिकी कीज’ ही तिचीच बहीण. दोन कळी एकाच वेळी दाबणे ज्यांना अशक्य आहे त्यांच्यासाठी ती आहे. लहान आकाराच्या काही लॅपटॉपांवर ‘नम लॉक’ चालू राहिले तर ‘जे’, ‘के’, ‘एल’ यांच्या जागी १, २, ३ उमटू लागतात, आणि मालक कळफलक बदलण्याची चौकशी करू लागतो. बिनतारी कळफलक अक्षरे गाळू लागला तर आधी त्याचे सेल बदलावेत. तरीही तो सुधारला नाही, तर त्याचा संग्राहक यूएसबी ३.० च्या जोडाजवळून हलवून एका छोट्या वायरीने दूर आणावा, कारण त्या जोडातून निघणारा विद्युत्-गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना बाधा आणतो. या सगळ्या इलाजांना एक छदामही लागत नाही, किंवा फार तर दोन सेलांचे मोल लागते.

आता खरोखर अडकणाऱ्या कळीकडे वळू. तिचे पहिले कारण धूळ, केस, बिस्किटाचा चुरा, आणि आपल्याकडे विशेषतः साखरेच्या वासाने आत शिरलेल्या बारीक मुंग्या. संगणक बंद करून आणि कळफलकाची तार काढून, तो पालथा करून हलकेच थोपटावा; मग मऊ ब्रश आणि दाबलेल्या हवेचा डबा वापरावा. लॅपटॉप सपाट न ठेवता तिरपा धरून हवा मारावी, म्हणजे कचरा आणखी खोल न जाता खाली घसरतो. ॲपल कंपनी आपल्या लॅपटॉपांसाठी ७५ अंशांचा कोन सांगते. एवढ्याने भागले नाही तर कळीची टोपी काढावी लागते, आणि येथे जातिभेद ओळखणे आवश्यक आहे. मेजावरच्या जाड कळफलकाची टोपी तारेच्या चिमट्याने सरळ वर ओढली की निघते. लॅपटॉपच्या टोपीखाली मात्र कात्रीच्या आकाराचे दोन नाजूक प्लास्टिकचे तुकडे परस्परांत गुंतलेले असतात. तिची एक बाजू आकड्यात अडकलेली आणि दुसरी खाचेत सरकलेली असते, आणि चुकीच्या बाजूने उचकटल्यास जो आकडा मोडतो तो पुन्हा जोडता येत नाही. म्हणून पातळ प्लास्टिकची पट्टी वापरावी, आधी छायाचित्र काढून ठेवावे, आणि शक्य असल्यास क्वचित वापरात येणाऱ्या कळीवर हात बसवून घ्यावा. स्पेस, एंटर व शिफ्ट यांसारख्या लांब कळींखाली तोल सांभाळणारी एक धातूची तार असते. ती खोबणीतून निसटली की कळ एका टोकाला दबते आणि दुसऱ्या टोकाला वर राहते. लोक याला ‘स्पेस अडकतो’ म्हणतात, पण तेथे अडकलेले काहीच नसते, तार पुन्हा खोबणीत बसविली की काम झाले.

टोपी आणि खोबण पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल उत्तम. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांत ते ‘आयपीए’ या नावाने मिळते. कापसाची काडी त्यात किंचित ओली करून खोबणीच्या कडेने फिरवावी आणि पूर्ण वाळू द्यावे. हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर त्याऐवजी वापरू नये, कारण त्यातील ग्लिसरीन मागे राहून नवा चिकटा तयार करते. नखांचा रंग काढणारे ॲसिटोन तर मुळीच नको, ते टोपीचे प्लास्टिक विरघळविते. वाहक शाईच्या रेषांवर अल्कोहोलनेही जोराने घासू नये, नाही तर मळाबरोबर रेषाही पुसली जाते.

चहा सांडणे हा मात्र वेगळाच प्रसंग, आणि आपल्या देशात तो इतका सार्वत्रिक आहे की त्याचा स्वतंत्र विचार केला पाहिजे. नुसते पाणी सांडले आणि ते नीट वाळले, तर पुष्कळदा काही बिघडत नाही. आपला चहा म्हणजे पाणी, दूध आणि साखर, आणि पाणी उडून गेल्यावर उरणारे दुधातले स्निग्धांश व साखर कळीच्या दांडीला खोबणीत चिकटवून टाकतात. त्याहून वाईट असे की, ओल्या रेषांतून वीज वाहत राहिली तर चांदीची शाई विद्युत्-रासायनिक क्रियेने काळवंडून तुटू लागते. म्हणून पहिले कर्तव्य पुसण्याचे नसून वीज तोडण्याचे आहे. लॅपटॉप असेल तर कागद जतन करण्यासाठी न थांबता त्याचे बटण काही सेकंद दाबून धरून तो बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरी निघण्याजोगी असल्यास तीही काढावी, आणि झाकण उघडे ठेवून तो पालथा करावा, म्हणजे द्रव मुख्य मंडलफलकाकडे न उतरता परत बाहेर येईल. केस वाळविण्याच्या यंत्राची उष्ण हवा मारू नये, तिने घुमट्या व पापुद्रे वाकतात. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा जो उपाय सर्वतोमुखी झाला आहे त्याने आतला ओलावा तर विशेष हटत नाहीच, उलट पीठ आणि कण आत जातात. निदान २४ ते ४८ तास पंख्याच्या वाऱ्यावर राहू द्यावा, आणि कोकणातल्या श्रावणात हा अवधी आणखी वाढवावा. सुटा, स्वस्त, तारेचा कळफलक असेल तर तो खोलून प्लास्टिकचे भाग आणि रबराच्या घुमट्या साध्या कोमट पाण्याने धुण्यास हरकत नाही. पापुद्रे मात्र शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्याने हलकेच पुसून, वेगळे करून वाळवावेत.

पापुद्र्यावरची रेषा तुटलीच असेल तर तिला डाख देण्याच्या फंदात कोणी पडू नये. पॉलिएस्टर २६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि डाखणीचे टोक त्याहून बरेच तापलेले असते. रेषा जुळण्याऐवजी पापुद्र्यालाच भोक पडते. चांदीच्या वाहक शाईची लेखणी मिळते, तिने तुटलेल्या जागेवर बारीक रेघ ओढून ती पुरती वाळू द्यावी आणि सर्व स्क्रू आवळण्यापूर्वी तार जोडून त्या वाहिनीवरच्या साऱ्या कळी तपासाव्यात. शिसपेन्सिलीने रेघ ओढण्याची युक्ती काहीजण सांगतात. तिचा रोध फार असतो आणि पापुद्रा वाकताच ती उखडते, त्यामुळे तिला तूर्तातूर्त तजवीज म्हणावे, दुरुस्ती म्हणू नये.

एका दाबाला दोन अक्षरे, या व्याधीचे मूळ सर्वांत मनोवेधक आहे. धातूचे दोन संपर्कबिंदू एकमेकांवर आदळले की ते तत्काळ स्थिर होत नाहीत. फरशीवर सोडलेला चेंडू जसा ठरण्यापूर्वी चार उड्या घेतो, तसे तेही काही मिलिसेकंद जुळतात, सुटतात आणि पुन्हा जुळतात. नियंत्रक प्रत्येक उडी मोजीत बसला, तर एका ‘क’च्या जागी चार ‘क’ येतील. म्हणून त्याच्या आज्ञावलीत अशी तरतूद असते की, पहिला जोड झाल्यावर सुमारे ५ मिलिसेकंदांपर्यंतची चलबिचल जमेस धरायची नाही. मनुष्याचे बोट कितीही चपळ असले तरी इतक्या अल्पावधीत तीच कळ दोनदा दाबू शकत नाही, त्यामुळे यात कोणाचे नुकसान नाही. परंतु संपर्कबिंदूंवर धूळ बसली, दमट हवेने पुट चढले किंवा ते झिजले, की ही चलबिचल ठरलेल्या मुदतीबाहेर रेंगाळते आणि नियंत्रक तिला दुसरा दाब समजतो. यांत्रिक स्विचांच्या महागड्या कळफलकांत हा विकार विशेष दिसतो. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात आणलेले एमएक्स जातीचे स्विच हा त्यांचा आदर्श नमुना: एकूण ४ मिलिमीटर प्रवास, त्यातल्या मध्यावर जोड, आणि गंज न चढणारे सोन्याचे संपर्कबिंदू. इलाज तीन पायऱ्यांचा आहे. प्रथम टोपी काढून संपर्क स्वच्छ करणारा, मागे अवशेष न ठेवणारा द्रव थेंबभर सोडून कळ अनेकवार दाबावी; कळफलकाच्या आज्ञावलीत सोय असेल तर प्रतीक्षेची मुदत ५ वरून १० मिलिसेकंदांवर न्यावी; आणि तरीही न भागल्यास तेवढा एक स्विच बदलावा. स्विच डाखाविना बसविण्याची सोय ज्या कळफलकांत असते, त्यांत हे काम पाच मिनिटांचे आहे. एका स्विचाचा दोष एका स्विचापुरताच राहतो, हा या जातीच्या कळफलकांचा मोठा गुण मी मानतो, आणि ज्यांचे पोट लेखणीऐवजी कळफलकावर आहे त्यांनी त्यासाठी अधिक पैसे मोजणे मला उधळपट्टी वाटत नाही.

अशा टिकाऊपणाचा जुना दाखला म्हणजे आयबीएम कंपनीचा १९८५ सालचा ‘मॉडेल एम’ कळफलक. त्याच्या प्रत्येक कळीखाली एक सर्पिल स्प्रिंग असते, ती ठरावीक दाबाला एका बाजूला वाकते आणि स्पष्ट टक् असा आवाज करून जोड घडविते. वजनाला दोन किलोच्या पुढे जाणारे हे कळफलक चार दशकांनंतरही जगभर वापरात आहेत. त्यांची एक खोड अशी की आतल्या प्लास्टिकच्या रिबेटी कालांतराने तुटतात, पण जाणकार मंडळी त्या छाटून त्यांच्या जागी लहान बोल्ट बसवितात आणि कळफलक पुढे चालू राहतो.

पुढच्या काळात वारे उलट दिशेने वाहिले. ॲपलने २०१५ साली आपल्या अतिशय पातळ मॅकबुकमध्ये ‘बटरफ्लाय’ नावाची कळरचना आणली. तिच्यात कळीचा प्रवास अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास उरला. आणि प्रवास इतका अल्प झाला की धुळीचा एखादा कणही त्यात धोंड होऊन बसे. अक्षरे दोनदा उमटू लागली, काही मुळीच उमटेनात, काही कळी चिकटल्यासारख्या झाल्या; आणि कळफलक वरच्या आवरणाशी असा एकजीव केलेला होता की एका कळीसाठी बॅटरीसह तो सारा भाग बदलावा लागे. कंपनीने जून २०१८ मध्ये विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली, कळीखाली सिलिकॉनचा पातळ पडदाही घालून पाहिला, आणि अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये पुन्हा कात्री-रचनेकडे येऊन प्रवास सुमारे १ मिलिमीटर केला. अमेरिकेत ग्राहकांनी लावलेल्या सामूहिक दाव्यात २०२२ साली ५ कोटी डॉलरांची तडजोड झाली. जगातील अत्यंत कुशल अभियंते हाताशी असतानाही धूळ ही वस्तू हिशेबातून सुटू शकते, आणि दुरुस्तीला जागा न ठेवलेली रचना एका क्षुल्लक दोषाला केवढा मोठा खर्च जोडून देते, हे या प्रकरणात जितके उघड झाले तितके क्वचितच कोठे झाले असेल.

बटरफ्लाय गेला, पण एकजीव आवरणाची प्रथा गेली नाही. पूर्वीच्या कित्येक थिंकपॅड लॅपटॉपांत खालचे दोन-चार स्क्रू काढले की कळफलक वरून उचलला जाई, आणि द्रव खाली वाहून जाण्यासाठी त्यात छिद्रेही ठेवलेली असत. आज अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपांत कळफलक प्लास्टिकच्या वितळविलेल्या बोंडांनी आवरणाला कायमचा जडलेला असतो, आणि तो बदलायचा तर ती सारी बोंडे छाटून नव्या कळफलकाला स्क्रू किंवा डिंकाने बसवावे लागते. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले, त्यात शेतीची अवजारे, वाहने व टिकाऊ गृहोपयोगी वस्तू यांच्या जोडीने मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांचाही अंतर्भाव आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकापर्यंत पोचावी हा हेतू स्तुत्य आहे, परंतु रचनाच जर दुरुस्तीविरोधी असेल तर नुसत्या माहितीने कळ सुटी होत नाही, ही गोष्ट शासनाने कंपन्यांच्या गळी उतरविली पाहिजे.

लॅपटॉपच्या बाबतीत एक इशारा मात्र सर्वांत आधी द्यायला हवा. कळफलकाचा मधला भाग किंचित फुगून वर आला असेल, त्याखालची स्पर्शपट्टी दबेनाशी झाली असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर दोष कळींत नसून खाली फुगलेल्या लिथियम बॅटरीत आहे असे समजावे. तिला टोचू नये, दाबू नये, चार्जिंग तत्काळ थांबवावे, आणि यंत्र जाणत्या कारागिराच्या हाती द्यावे. हे काम घरी करण्याचे नव्हे.

कारागिराकडे जाण्याची वेळ आली, तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत सुटे कळफलक, घुमट्या, टोप्या, कात्रीचे तुकडे यांपैकी बरेच काही मिळते, आणि तेथील अनुभवी माणसे नुसती तक्रार ऐकून पट्टी सुटली की मेम्ब्रेन, म्हणजे ते पापुद्रे, गेले हे सांगू शकतात. त्यांच्यापुढे ‘कीबोर्ड चालत नाही’ एवढेच न म्हणता आपण केलेली कळींची यादी ठेवावी. नवा कळफलक घ्यायचा झाल्यास लॅपटॉपचे नुसते नाव पुरत नाही; जुन्या कळफलकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीतला भाग-क्रमांक जुळवावा, एंटरची कळ आडवी आहे की उभी वळलेली ते पाहावे, पॉवरचे बटण कळफलकावरच असेल तर त्याची जागा तीच आहे याची खात्री करावी, आणि कळींखाली प्रकाश असेल तर अक्षरांच्या पट्टीखेरीज प्रकाशाची दुसरी बारीक पट्टीही जोडली गेली आहे ना, हे मागचे झाकण बंद होण्यापूर्वी आपल्या डोळ्यांनी पाहून घ्यावे.